पाठलागाचे व्याकरण

संगणकाने चालविलेल्या शत्रूने खेळाडूपर्यंतची वाट कशी शोधावी, हा व्हिडिओ गेमच्या रचनाकारापुढील एक मूलभूत प्रश्न होय. ‘सर्वांत जवळच्या वाटेने’ हे त्याचे सहज सुचणारे उत्तर. ती वाट काढण्याच्या रीती सिद्धच आहेत. डाइक्स्ट्रा यांनी आपली रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. हार्ट, निल्सन व राफेल यांनी १९६८ मध्ये उरलेल्या अंतराच्या अंदाजाची जोड देऊन ‘ए-स्टार’ ही रीत मांडली. परंतु चार शत्रू याच एका नियमाने धावू लागले, तर ते लवकरच एकामागे एक रांग धरतील, आणि चारांचे बळ एकाचेच होऊन बसेल.

जपानमधील नामको कंपनीने १९८० मध्ये काढलेल्या, तोरू इवातानी यांनी रचलेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळातील योजना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यातील चार भुतांपैकी एकही संपूर्ण वाट शोधीत नाही. पाठलाग करताना प्रत्येकाचे एक लक्ष्य ठरलेले असते. वाटा फुटतात तेथे, पुढच्या घरांपैकी जे लक्ष्याला सरळ रेषेत सर्वांत जवळ, ते घर निवडावयाचे. आल्या पावली परतावयाचे नाही. हा नियम चौघांनाही समान आहे.

भेद आहे तो केवळ लक्ष्याचा. तांबड्या भुताचे लक्ष्य खुद्द पॅक-मॅन. गुलाबीचे, त्याच्या तोंडापुढील चौथे घर. निळे भूत तांबड्यापासून पॅक-मॅनपुढील दुसऱ्या घरापर्यंतची रेषा दुप्पट लांबवून आपले लक्ष्य ठरविते. नारिंगी भूत आठ घरांहून दूर असेपर्यंत पाठलाग करते. त्याहून जवळ येताच आपल्या कोपऱ्याकडे वळते. जपानीत या चौघांच्या स्वभावांना अनुक्रमे पाठलाग, दबा, लहर व भोळेपणाचे सोंग अशा अर्थाची नावे आहेत.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही व्यवस्था परिचित वाटेल. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या भेदातून ठरते, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन आहे. तांबडे भूत मागून येत असते, म्हणूनच गुलाबीची चाल ‘दबा’ म्हणून प्रतीत होते. वस्तुतः हेतू भुतांच्या ठायी नसतो. तो खेळाडू वाचतो.

सरळ रेषेचा हा हिशेब भिंती जुमानीत नाही. त्यामुळे भुते पुष्कळदा लांबची वाट धरतात आणि खेळाडूस निसटण्यास अवसर मिळतो. तेव्हा शत्रूची रचना करणाऱ्याने वाटेच्या अचूकतेपूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: या शत्रूचा नियम खेळाडूस खेळता खेळता उमगेल काय? जो नियम उमगतच नाही, त्याच्यापुढे खेळाडू हरतो. पण त्या हरण्यातून शिकत काहीच नाही.