दारची जास्वंद आणि शेतातली पऱ्हाटी

श्रावण लागला की दौलताबाद भागातल्या आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो : जास्वंदीला पांढरा कापूस आलाय, काय मारू? गेल्या वर्षी एकीने विचारलंच नाही. पऱ्हाटीवर मारून पंपात उरलेलं औषध तिने दारच्या जास्वंदीवर मारलं. दोन दिवसांनी सासूबाईंनी त्याच झाडाची पानं-फुलं वाटून नातीच्या डोक्याला लावली. पोरीच्या डोक्याची आग झाली, डोळे सुजले, रात्री दवाखाना गाठावा लागला. आता बरी आहे. पण जे फूल देवाला वाहतो, केसांच्या तेलात उकळतो, त्यावर शेतातलं विष मारायचं नाही, एवढं आम्ही तेव्हाच ठरवलं.

तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी ही सगळी एकाच कुळातली झाडं. २००५-०६च्या सुमारास कपाशीवर जो पिठ्या ढेकूण येऊ लागला, तो जास्वंदीवरही सुखाने राहतो. शेतातली पऱ्हाटी उपटली तरी दारची जास्वंद बारा महिने हिरवी, म्हणजे किडीचं माहेरच! म्हणून काहीजणी झाडच उपटा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. रोज फुलं तोडताना नजर पडते, म्हणून कीड लवकर सापडते.

आधी मुंग्या बघा. पिठ्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, त्यासाठी मुंग्या त्याला जपतात आणि या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मुंग्यांची रांग दिसली की वरचे शेंडे तपासा. जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर टाकू नका. थोडी कीड असेल तर जुन्या ब्रशने घासून काढा. मग निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला. संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. ठिपक्यांचे लाल भुंगे दिसले तर मारू नका, ते पिठ्या खातात.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, अशी तक्रारही येते. आपल्याकडे बऱ्याच जागी माती चुनखडीची, त्यात झाडाला लोह मिळत नाही. त्यावर धुण्याचं सोड्याचं पाणी ओतलं तर आणखी बिघडतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला, बुडाशी कुजलेलं शेणखत आणि वाळला पाला पसरा. उन्हाळ्यात कळ्या गळतात त्या बहुतेक वेळा पाण्याच्या ओढीने : चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी दोन बादल्या, असं नको. थोडं पण नेमाने द्या.

फूल नव्या फुटव्यावर येतं. म्हणून पहिला पाऊस झाला की जुन्या फांद्या तिसरा हिस्सा छाटा, हात आखडू नका. छाटलेल्यातून पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या निवडा, वरची दोन पानं ठेवून सावलीत ओल्या मातीत लावा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मैत्रिणीला काडी द्यायची असेल तर पानाच्या बेचक्यात पांढरं काही नाही ना, ते बघूनच द्या. नाहीतर काडीबरोबर कीडही तिच्या दारी जाते, आणि तिथून तिच्या पऱ्हाटीत.