यरहाच्या तेरा पिढ्या

मागच्या लेखांकात पहिल्या इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायातली दावीदाची शाखा पाहिली. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे, चौतिसाव्या वचनापासून, एक मजकूर आहे. बहुतेक वाचक तो नुसता चाळून पुढे जातात. यहूदा वंशातल्या शेशानाला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याच्या घरी यरहा नावाचा मिसरी दास होता, आणि शेशानाने आपली मुलगी त्याला दिली. त्यांना अत्तय झाला, अत्तयाला नाथान, नाथानाला जाबाद, असे करत यादी अलीशामापाशी येऊन थांबते. अत्तयापासून मोजल्या तर तेरा पिढ्या भरतात. यरहाचा उल्लेख बायबलमध्ये इतरत्र कुठेही नाही. तरी माझ्या मते या पुस्तकाच्या सुरुवातीच्या, वंशावळींच्या नऊ अध्यायांचा हेतू समजून घ्यायला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही.

या तेरा पिढ्यांत कुणाचा भाऊ नाही, बाजूची फांदी नाही. बाप आणि मुलगा, एवढेच. रॉबर्ट विल्सन यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले की फांद्यांची वंशावळ घराण्यांचे आपसांतले नाते सांगते, तर सरळ रेषेतली वंशावळ शेवटच्या माणसाचा हक्क सांगते. म्हणजे अलीशामाचे यहूदातले स्थान पक्के करण्यासाठी ही यादी जपली गेली असणार. अशा यादीत अडचणीचे नाव गाळणे कठीण नव्हते. एज्राच्या सातव्या अध्यायातली त्याची स्वतःची वंशावळ इतिहासातल्या याजकांच्या यादीशी ताडून पाहा, मधली काही नावे सरळ गळालेली दिसतात. यरहा मात्र गाळलेला नाही, आणि तो मिसरी होता, दास होता, हेही लपवलेले नाही.

लेखकाने हाती आले ते उतरवून काढले, त्यात हेतू कशाला शोधायचा, असे कुणी म्हणेल. पण याच अध्यायात यहूदाची बायको कनानी असल्याचे सांगितले आहे. दावीदाच्या बहिणीचा नवरा दुसऱ्या शमुवेलाच्या हिब्रू पाठात इस्राएली ठरतो. इथे तो इश्माएली आहे. चौथ्या अध्यायात मेरेदाची बायको म्हणून फारोची मुलगी बिथ्या येते. एवढ्या ठिकाणी एकच गोष्ट घडते तेव्हा ती नजरचूक राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात वंशावळीची नोंद सापडली नाही म्हणून काही घराण्यांना याजकपणातून वगळले गेले, आणि दहाव्या अध्यायात परक्या बायकांना घालवून देण्याचा ठराव झाला. मग वंशावळ ही कुंपण घालण्यासाठीच होती ना? याजकपण कायद्यानेच अहरोनाच्या वंशापुरते होते, त्यामुळे तो मुद्दा वेगळा. लग्नांच्या बाबतीत मात्र एज्रा आणि इतिहास या दोन पुस्तकांत खरा मतभेद आहे, आणि ओढूनताणून त्यांचा मेळ घालू नये. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाने मिसरी माणसाच्या तिसऱ्या पिढीला मंडळीत यायची मुभा दिली आहे; पण इतिहासकार त्या मुभेचा आधारही घेत नाही. अत्तय यहूदाच्या यादीत आहे, एवढे त्याला पुरते.

राहता राहिली ती मुलगी. वंश तिच्यामुळे चालला, तरी पस्तिसाव्या वचनात तिचे नाव नाही. एकतिसाव्या वचनात मात्र शेशानाचे अपत्य म्हणून अहलय हे नाव येते. मुलगे नसलेल्या माणसाचे ते अपत्य मुलगीच असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे आणि मला तो पटतो. कारण अकराव्या अध्यायात दावीदाच्या शूर वीरांत ‘अहलयाचा पुत्र जाबाद’ आहे, आणि यरहाचा पणतूही जाबादच. हिब्रूत दूरच्या वंशजालाही पुत्र म्हणतात. दुसऱ्या शमुवेलातली वीरांची यादी उरीया हित्तीपाशी संपते. इतिहासकार ती पुढे वाढवतो, आणि वाढवताना पहिले नाव घेतो ते या जाबादाचे.