ब्रॉयलरच्या खाद्यात शेवग्याचा पाला : किती, कसा आणि केव्हा?



आपल्या बीड जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. आष्टी-पाटोद्याच्या माळावर पिकं करपली तरी बांधावरचा शेवगा मात्र तग धरून असतो. शेंगा आपण विकतो, छाटणीचा पाला शेळ्यांपुढं टाकतो. हाच पाला वाळवून, दळून ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात थोडा मिसळता येतो. पण ‘थोडा’ हा शब्द ध्यानात ठेवा. कोंबडीपालनाच्या खर्चात रुपयातले साठ-सत्तर पैसे खाद्यावर जातात. म्हणून फुकटचा पाला भरपूर घालण्याचा मोह होतो आणि तिथंच नुकसान होतं.

पाल्यात काय आहे?
वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. शिवाय चुना आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणारा पिवळा रंग असतो. त्यामुळे कोंबडीचे पाय व कातडी पिवळसर होतात आणि गिऱ्हाइकाला माल आवडतो. पण सोयाबीन पेंडीत प्रथिने ४५ टक्क्यांच्या आसपास असतात. पाल्यात तंतू जास्त आणि ऊर्जा कमी. कोंबडी म्हणजे काही रवंथ करणारी गाय नव्हे. पाला जास्त झाला, की पोट भरतं पण वजन भरत नाही.

पावडर कशी करावी?
१) नुकतीच औषध फवारणी झालेल्या झाडाचा पाला घेऊ नये.
२) जाड काड्या काढून पाला धुवावा व निथळू द्यावा.
३) स्वच्छ कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवावा. रोज हलवावा. कडक उन्हात रंग व जीवनसत्त्वे उडून जातात.
४) चुरगाळल्यावर कुरकुरीत वाजला, की दळून चाळावा.
५) घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा. बुरशीचा वास आला तर पावडर टाकून द्यावी. बुरशीचं विष कोंबड्यांना मारक असतं.

किती द्यावा?
पहिले दोन आठवडे पिलांना अजिबात देऊ नये. तिसऱ्या आठवड्यापासून १०० किलो खाद्यात १ किलो, मग चार दिवसांनी २ किलो पावडर मिसळावी. काही झालं तरी ५ किलोच्या वर जाऊ नये. पावडर आधी दहा किलो खाद्यात नीट कालवावी, मग बाकीच्या खाद्यात मिसळावी.

हिशेब असा : १०० पक्षी तिसऱ्या आठवड्यापासून विक्रीपर्यंत साधारण ३५० किलो खाद्य खातात. त्याला ७ किलो पावडर पुरते. त्यासाठी ३० ते ३५ किलो ओला पाला लागतो.

सुबाभूळ चालेल का?
१९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या ‘बायफ’ संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला आणि ती गावोगाव पोचली. जनावरांना तिचा पाला बेतानं चालतो. पण त्यात मिमोसिन नावाचं विष असतं. त्याने कोंबड्यांची वाढ खुंटते. म्हणून घरच्या घरी सुबाभळीचा प्रयोग करू नये.

आधी पारख, मग विश्वास
सगळ्या पक्ष्यांना एकदम सुरू करू नका. २५ पक्षी वेगळे ठेवून त्यांना पाला द्या, दुसऱ्या २५ पक्ष्यांना नेहमीचं खाद्य द्या. दर आठवड्याला दोन्हीकडचे दहा-दहा पक्षी तोला आणि खाद्याचीही नोंद ठेवा. दोन किलोच्या पक्ष्याला साडेतीन किलो खाद्य लागलं, तर किलोमागे पावणेदोन किलो झालं. पाला देऊन हा आकडा वाढला, तर पाला बंद करा. पाय पिवळे दिसले म्हणून फसू नका. पैसा वजनाचा मिळतो.

कराराने पक्षी पाळत असाल, तर कंपनीच्या खाद्यात तिच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय काही मिसळू नका. आणि पाला म्हणजे औषध नव्हे! राणीखेत आणि गंबोरोची लस वेळेवर टोचून किंवा पाजून घ्याच.

अधिक माहितीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अथवा कृषि विज्ञान केंद्रात अवश्य विचारा.