चादरीचे कापड : नाव खरे सांगा, भाव टिकून राहील

चादर, अभ्रा, गादीपाट, रजईचा गिलाफ हा माल विकणारे आपले बंधू गावोगावी आहेत. मालेगाव-भिवंडीत मागावर कापड विणणारेही मोठ्या संख्येने आपलेच. तरी गिऱ्हाइकाने "कापड कोणते?" असे विचारले की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळते : "प्युअर कॉटन आहे." या एका उत्तराने दुकानदाराची पत जाते आणि खरे सूत विणणाऱ्याचा भाव पडतो. म्हणून काही मूळ गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

धागा वेगळा, वीण वेगळी

कॉटन हे धाग्याचे नाव आहे, सॅटिन हे विणीचे. सॅटिन सुताचेही असते आणि पॉलिएस्टरचेही. म्हणून गिऱ्हाइकाला दोन्ही सांगावे लागते.

साधी वीण : आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून, दुसऱ्याखालून जातो. कॅम्ब्रिक, पॉपलिन, परकेल ही सगळी याच विणीची. हवा खेळते, कापड टिकते, मात्र सुरकुत्या पडतात. आपल्या उन्हाळ्यात रोजच्या वापराला हीच उत्तम.

तिरपी वीण (ट्विल) : कापडावर तिरप्या रेघा दिसतात. कापड जाड आणि घट्ट होते, म्हणून गादीपाटाला चालते.

सॅटिन वीण : धागा साधारण चार धाग्यांवरून जाऊन पाचव्याखाली बुडतो. त्यामुळे चमक आणि मऊपणा येतो. पण मोकळा राहिलेला धागा नखाला, बांगडीला अडकतो. लहान मुलांच्या घरात ती देताना हे सांगून द्यावे.

जॅकार्ड : सोलापुरी चादरीची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. म्हणून ती धुण्यात उतरत नाही. या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

आकड्यांचा खेळ

धाग्याचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. ४० नंबरपेक्षा ६० नंबर बारीक. एका इंचातील उभे आणि आडवे धागे मिळून थ्रेड काउंट होतो. ४० नंबरी सुतात ११० उभे व ९० आडवे म्हणजे २००. अशी साधी वीण घराला पुरेशी चांगली. ६०० किंवा १००० असे छापलेले दिसले तर सावध राहावे. दुहेरी पिळाचा एक धागा दोन म्हणून मोजला की ३०० चे ६०० होतात, कापड मात्र तेच राहते. एक इंची भिंग गल्ल्यात ठेवावे आणि गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवावे.

पॉलिएस्टर ओळखा

"ग्लेस कॉटन" या नावाने येणारा स्वस्त माल पुष्कळदा पॉलिएस्टर मायक्रोफायबर असतो. पॉलिएस्टर वाईट नाही. ते लवकर वाळते, चुरगळत नाही, लॉजला आणि वसतिगृहाला सोयीचे पडते. पण सूत हवेतूनच आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम टिपला जात नाही आणि गिऱ्हाईक रात्रभर कूस बदलत राहते. त्यात ऐब कापडाचा नाही, खोट्या नावाचा आहे.

पारख सोपी आहे. कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून वेगवेगळे जाळावेत, कारण ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असू शकतो. सूत कागदासारखे जळते, राख मऊ पडते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. व्हिस्कोसही कागदासारखे जळते, पण त्याचा धागा ओला केला की चटकन तुटतो. सुताचा तुटत नाही. कापड चोळल्यावर पांढरी भुकटी झडली तर खळीचे वजन समजावे. धुतल्यावर ते विरळ पडेल.

नावाची किंमत

२०१६ साली अमेरिकेतील टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने एका भारतीय पुरवठादाराशी व्यवहार तोडला. सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्रे इजिप्शियन कॉटन म्हणून गेले होते, कापूस दुसराच निघाला. वापराला माल बरा होता की नाही हा प्रश्नच आला नाही. नाव खोटे होते, एवढे पुरले. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे भोवले ते आपल्या छोट्या दुकानाला भोवणार नाही असे समजू नये.

तेव्हा व्यापारी बंधूंनी बिलावर चार गोष्टी लिहाव्यात : धागा कोणता, वीण कोणती, इंचाला धागे किती, आणि पन्हा-लांबीचे माप धुण्याआधीचे की नंतरचे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तेही आधीच सांगावे. कारागीर बंधूंनी ताग्यावर हीच माहिती चिकटवून द्यावी. असे बिल मिळालेले गिऱ्हाईक घासाघीस कमी करते आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येते. व्यापाराची बरकत यातच आहे.