एका आडव्या रेघेचा फरक

मगरिबनंतर एरंडोलच्या आमच्या घरी चहा चालला होता. पुतणी मोबाईल घेऊन आली. "चाचा, अरबीतून मराठीत भाषांतराचं काम निघालंय. घरी बसून करता येईल!" तिने आलिमाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, शिक्षण मराठी शाळेत झालेले. सारे घर खूश झाले. जाहिरातीत भाषेच्या जागी चारच इंग्रजी अक्षरे होती: ए-आर, मध्ये छोटी आडवी रेघ आणि मग एम-आर. तिने अर्ज केला. दोन दिवसांनी उत्तर आले, "आम्हाला मॉरिटानिया देशाची अरबी जाणणारे हवे आहेत."

पोरीचा चेहरा उतरला. चूक तिची एकटीची नव्हती, ही अक्षरे आम्हा कोणालाच वाचता येत नव्हती. म्हणून ती समजून घेतली आणि इथे मांडत आहोत.

जगातल्या भाषांना आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरावीक संकेत दिले आहेत. मराठीचा एम-आर, उर्दूचा यू-आर, हिंदीचा एच-आय, अरबीचा ए-आर, इंग्रजीचा ई-एन. देशांचेही असेच दोन अक्षरी संकेत आहेत. भाषेचा संकेत सहसा लहान अक्षरांत लिहितात, देशाचा मोठ्या अक्षरांत. घोटाळा इथेच होतो. लहान अक्षरांतला एम-आर म्हणजे मराठी, तर मोठ्या अक्षरांतला एम-आर म्हणजे मॉरिटानिया. लहान एस-ए म्हणजे संस्कृत, मोठा एस-ए म्हणजे सौदी अरेबिया.

आता मधली खूण पाहा. आडवी रेघ असेल तर पुढची मोठी अक्षरे बहुधा देश सांगतात, म्हणजे कोणत्या देशात चालणारी भाषा हवी ते. बाण किंवा बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर ती भाषांतराची दिशा असते. आधीची भाषा मूळ मजकुराची, नंतरची आपल्याला लिहायची. 'इंग्रजी बाण मराठी' आणि 'मराठी बाण इंग्रजी' ही दोन वेगळी कामे आहेत. आपण ज्या भाषेत सहज आणि बिनचूक लिहितो, ती बाणाच्या पुढे असलेली बरी.

उर्दूवाल्यांनी देशाच्या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. यू-आर पुढे आय-एन असेल तर भारतातली उर्दू हवी, पी-के असेल तर पाकिस्तानातली. लिपी एकच, पण कारभाराचे शब्द वेगळे. आपल्याकडची उर्दू वर्तमानपत्रे 'लोकसभा' लिहितात, तिकडे 'कौमी असेंब्ली' असते. आपल्या जिल्ह्याला कलेक्टर, तिकडच्या जिल्ह्याला डेप्युटी कमिशनर.

दोन अक्षरांच्या जोड्या जास्तीत जास्त ६७६ होतात. जगात भाषा सात हजारांच्या वर. म्हणून २००७ साली तीन अक्षरी संकेतांची मोठी यादी आली. तीत आपल्या शेताबांधावरच्या अहिराणीलाही स्वतंत्र जागा आहे: ए-एच-आर. दखनीलाही आहे: डी-सी-सी. घरात उर्दू, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी बोलणारी आपली मुले या भाषांना किरकोळ समजतात. तसे समजू नये.

मात्र एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवी. कुरआन नाजिरा वाचता येणे म्हणजे अरबी येणे नव्हे. अर्जात 'अरबी येते' लिहिण्याआधी स्वतःला विचारावे, की औषधाच्या पाकिटावरची सूचना आपण चूक न करता मराठीत आणू शकू का? कोणाचा तरी जीव त्या एका ओळीवर असू शकतो. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून दुसऱ्यांची लिपी शिकून घेतली आणि मगच पत्रव्यवहार सांभाळला. भाषांतर ही अमानत आहे.

आणखी एक खबरदारी. काम देण्याआधी 'नोंदणी फी' मागणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. संकेत कळला नाही तर अर्जापूर्वीच विचारावे, "कोणत्या भाषेतून, कोणत्या भाषेत, कोणत्या देशासाठी?" विचारण्यात कमीपणा नाही.

पुतणीने आता वहीच्या पहिल्या पानावर आपले संकेत लिहून ठेवले आहेत. उर्दू बाण मराठी सर्वांत वर आहे. अरबी बाण मराठीपुढे तिने स्वतःच लिहिले आहे: 'अजून सराव हवा.' त्या ओळीचा आम्हाला जास्त आनंद झाला.