आवाज एकाचा, काम दुसऱ्याचं

विमानाची चाकं धावपट्टीला टेकतात आणि क्षणभरात इंजिनांचा आवाज एकाएकी वाढतो. शेजारचा प्रवासी खुर्चीचा हात घट्ट धरून विचारतो, ‘पुन्हा उडतंय की काय?’ मंडळी, मी शब्दांत रमणारा माणूस, बी.ए. झालेला, यंत्रांशी माझं फारसं सख्य नाही. पण या आवाजाच्या मागे लागलो तेव्हा कळलं, की जो एवढा गर्जतो, तो मुख्य कामगार नव्हेच.

तो आवाज थ्रस्ट रिव्हर्सरचा. नावावरून वाटतं, इंजिन उलटं फिरत असावं. तसं काही होत नाही. जेट इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्याची बहुतेक हवा आतल्या भट्टीला बगल देऊन मागे जाते. वैमानिकानं तरफ ओढली, की बऱ्याच विमानांत इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकतो, आतल्या झडपा वाट अडवतात आणि ती हवा बाजूच्या जाळीतून पुढच्या दिशेला फेकली जाते. नावाड्यानं वल्हं उलटं मारावं, तसं. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आला की हा जोर उतरवतात. नाहीतर उडालेले खडे इंजिनाच्याच तोंडात जायचे.

आता खिडकीतून पंखाकडे पाहा. टेकताक्षणी त्याच्या पाठीवर फळ्यांची रांग ताडकन उभी राहते. हे स्पॉइलर, म्हणजे बिघडवणारे! काय बिघडवतात? तर पंखाची उचल. साठेक टनांचं विमान जमिनीला लागलं, तरी ताशी अडीचशेच्या वेगात पंख त्याला वर उचलून धरतच असतात. चाकांवर भारच नसेल तर ब्रेक कितीही दाबा, टायर नुसते घसरणार. फळ्या उठल्या की उचल मोडते, वजन चाकांवर येतं आणि ब्रेकना पकड मिळते. शिवाय त्या वाऱ्यालाही आडव्या येतात. कोरड्या धावपट्टीवर किती अंतर लागेल हे प्रमाणित करताना रिव्हर्सर जमेस धरतच नाहीत. ए-३८० ला इंजिनं चार, पण रिव्हर्सर फक्त आतल्या दोघांना. स्पॉइलरला अशी सूट नाही.

हे स्पॉइलर उतरण्याआधी नुसते सज्ज करून ठेवतात. चाकं टेकली आणि इंजिनांच्या तरफा मागे आल्या, की ते आपोआप उठतात. ही दुसरी अट नाजूक आहे. एक जरी तरफ पुढे राहिली, तरी यंत्र समजतं, वैमानिकाला पुन्हा उडायचंय.

ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात १७ जुलै २००७ च्या संध्याकाळी नेमकं हेच झालं. पोर्तो अलेग्रेहून आलेलं टाम कंपनीचं एअरबस ए-३२० पावसात काँगोन्यास विमानतळावर उतरलं. धावपट्टी १,९४० मीटरची. नवं डांबर घातलेलं, पण पाणी निचरायला खाचा पाडायच्या राहिलेल्या. उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर आधीच बंद करून ठेवलेला. असं उडणं नियमात बसत होतं. ब्लॅक बॉक्समधल्या नोंदीनुसार डाव्या तरफेनं रिव्हर्स दिला, उजवी मात्र पुढेच राहिली. ती हातून राहिली, की यंत्रणेनं तिची जागा चुकीची वाचली, याचा निर्णायक पुरावा चौकशीत मिळाला नाही. फळ्या उठल्या नाहीत. दुसऱ्या वैमानिकाच्या ते लक्षात आलं, त्यानं तसं म्हटलंही. पण तोवर उजवं इंजिन विमानाला पुढे रेटत होतं. ते डावीकडे वळलं, रहदारीचा हमरस्ता ओलांडून त्याच कंपनीच्या इमारतीवर आदळलं. १९९ माणसं गेली, त्यातली १२ जमिनीवरची.

मला अधिक बोचतं ते वेगळंच. हा प्रकार पहिला नव्हता. १९९८ साली फिलिपिन्समधल्या बाकोलोदला आणि २००४ साली तैपेईला हेच घडलं होतं: ए-३२० विमान, एक रिव्हर्सर बंद, एक तरफ पुढे राहिलेली. तैपेईनंतर एअरबसनं तरफ अशी पुढे राहिल्यास वैमानिकाला इशारा देणारी सुधारणा तयारही केली होती. ती बसवणं सक्तीचं नव्हतं. साओ पावलोच्या त्या विमानात ती नव्हती.