पाकीट कुठंय?

ऑडिशनची नोटीस बोर्डावर लागली की कॉलेजात दोन प्रकारची पोरं दिसतात. एक, जी थेट नाव देऊन मोकळी होतात. दुसरी, जी तीन दिवस बोर्डापाशी घुटमळतात आणि चौथ्या दिवशी मित्राला 'सोबत' म्हणून घेऊन जातात. मी दुसऱ्या प्रकारातला. मित्राला रोल मिळाला, मला नाही.

"बॅकस्टेज करशील का?" दिग्दर्शक दादानं विचारलं. मी हो म्हणालो खरा, पण घरी फोन करून सांगितलं की नाटकात आहे. काय करतोय ते सांगितलं नाही.

पुण्यात कॉलेजला असाल तर पुरुषोत्तम करंडक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून घेत असलेली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिराचं अंगण, लॉट्स कुठला निघाला याची धाकधूक, आणि पडदा उघडायच्या आधी घसा फोडून दिलेली 'अरे आव्वाज कुणाचा'ची आरोळी. पहिल्या दिवशी सीनियर्स तुम्हाला डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे ही नावं ऐकवतात. मग वाटायला लागतं, इथे यायचं ते मोठं व्हायला. प्रॉपर्टी उचलायला कोण येतं?

त्यात ही स्पर्धा ओळखली जाते ती लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयासाठी. झगमगाटी सेट लावून इथे कुणी भाव खात नाही. म्हणजे मी जे करणार होतो, त्याकडे कुणाचंच लक्ष जाणार नव्हतं. लक्ष गेलंच, तर काहीतरी चुकलं म्हणून!

तालमी सुरू झाल्या. रोज संध्याकाळी लेक्चर संपलं की बाकं बाजूला सारायची. माझ्याकडे दोन कपबशा, एक छत्री, एक जुना रेडिओ, एक चष्मा आणि एक पाकीट. दुसऱ्या प्रवेशात मुलगा वडिलांच्या कोटाच्या खिशातून ते पाकीट काढतो, त्यात पत्र असतं आणि तिथून नाटक फिरतं. शिवाय ब्लॅकआउटमध्ये टेबल फिरवायचं. टेबलाच्या जागेवर रेडियमचे तुकडे चिकटवले होते. पहिल्यांदा टेबल माझ्याच पायावर आलं. महिन्याभरानं आम्ही दोघं ते डोळे मिटूनही फिरवायचो. तोवर सगळ्यांचे संवाद मला पाठ झाले होते. कोण कुठे श्वास घेतो, कोण घाबरला की वेग वाढवतो, हेसुद्धा.

प्राथमिक फेरीचा दिवस. पहिला प्रवेश मस्त गेला. ब्लॅकआउट झाला, टेबल फिरलं, लाइट आले. मी विंगेत हुश्श केलं आणि खाली बघितलं. पाकीट माझ्या हातात होतं.

कोट स्टेजवर खुंटीला होता. मित्र संवाद म्हणत म्हणत कोटाकडे निघाला. खिशात हात घातला. एक क्षण थांबला. तो क्षण मला आजही आठवतो. मग त्यानं खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, घडीत पत्र सापडल्यासारखं केलं आणि कोरा चेहरा ठेवून आख्खं पत्र पाठ म्हणून दाखवलं. प्रेक्षकांना बहुतेक काहीच कळलं नाही. पण पुढचे दोन संवाद कोटाबद्दलचे होते. ते गाळावे लागले आणि समोरची मुलगी गडबडली.

प्रयोग संपल्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादानं एवढंच विचारलं, "तुझी लिस्ट कुठंय?"

लिस्ट डोक्यात होती. कागदावर नव्हती.

आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही. पाकिटामुळे का? माहीत नाही. आमच्यापेक्षा चांगल्या एकांकिका होत्या, हे मी स्वतः बघितलंय. पण त्या रात्री चहाच्या टपरीवर मी मित्राला 'सॉरी' म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "अरे, तू रोज विंगेतून माझ्याबरोबर ओठ हलवायचास ना, म्हणून मला पत्र पाठ होतं."

2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर भरपूर वाद झाला. परीक्षक बरोबर की चूक, यावर आमच्या ग्रुपवरही राडा झाला. मला मात्र त्या वर्षी विंगेत उभ्या असलेल्या पोरांची आठवण येत होती. करंडक कुणालाच मिळाला नाही, म्हणून त्यांचं फिरवलेलं टेबल न फिरवलेलं होत नाही. आणि विसरलेलं पाकीट करंडक मिळाला असता तरी विसरलेलंच राहिलं असतं. स्पर्धेच्या निकालाशी याचा संबंध कमी आणि आपल्याशी जास्त असतो.

तर मंडळी, यंदा बोर्डापाशी घुटमळत असाल तर आधी नाव द्या. रोल नाही मिळाला तर म्युझिक, लाइट्स, प्रॉपर्टी, जे मिळेल ते घ्या आणि घरी तेच सांगा. अटेंडन्सबद्दल सरांशी तालमी सुरू व्हायच्या आधी बोला, नंतर हातापाया पडायची वेळ येते. दुसऱ्या कॉलेजांच्या एकांकिका बघा, आपली संपली की पळू नका. आणि लिस्ट कागदावर लिहा. प्रवेशानुसार, कुठली वस्तू कुठून निघते आणि कुठे जाते ते. ठेवली की टिक करा.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा ऑडिशन दिली. पुन्हा रोल नाही मिळाला. दादानं मला विचारलंसुद्धा नाही, फक्त एक वही हातात दिली. पहिल्या पानावर त्यानं लिहून ठेवलं होतं : पाकीट.